कवळ्यांचा घरगुती स्टुडिओ

"फोटोग्राफर कशाला हवा? कवळ्यांचे फोटो काढायचेत, लग्नाचा अल्बम नाही करायचा!"

कवळीवाल्यांनी सकाळीच बायकोला सुनावलं. माणूस हाताचा कसबी, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर! घराच्या पुढच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवायचे. मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला होता: चांगल्या कामाचे फोटो संध्याकाळच्या आत पाठवा, आवडले तर दवाखान्याचं सगळं काम तुम्हाला. या कामासाठी कवळीवाल्यांनी त्या दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

"घरातच स्टुडिओ उभारतो. बघच तू!"

त्यांनी माळ्यावरून मायक्रोवेव्हचं खोकं ओढलं, त्यातले बायकोचे स्वेटर पलंगावर ओतले आणि खोक्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या कापल्या.

"अहो, माझे स्वेटर!"

"स्वेटर मोठे की दवाखाना?"

खिडक्यांना बटर पेपर चिकटवला, आत पांढरा जाड कागद वाकवून बसवला. एका बाजूला कामाचा दिवा ठेवला. दुसरा दिवा दुपारी जेवून झोपलेल्या बाबांच्या उशाशी होता, तो हळूच उचलून आणला. पहिला फोटो काढला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. एक दिवा पांढरा, एक पिवळा! एकाच कवळीचे अर्धे दात दुधाने धुतलेले, अर्धे जन्मभर तंबाखू चघळलेले.

बल्ब बदलला, तर हिरड्या अशा चकाकायला लागल्या की दातच दिसेनात. चकाकी मारायला त्यांनी टाल्कम पावडर फासली. एवढ्यात डोक्यावरचा पंखा गरगरला. पावडर उडून डोळ्यांत गेली, कागद फडफडला, आणि सगळ्या कवळ्या खडखडत जमिनीवर!

"पंखा कोणी लावला?"

"मी लावला! घामाने निथळताय म्हणून लावला! चुकलं माझं!"

"सत्यानाश केलास! जा, सगळ्या कवळ्या धुऊन आण. सगळ्या! आणि मध्ये तोंड घालू नकोस!"

ती पाय आपटत बेसिनकडे गेली आणि धुतलेल्या कवळ्यांची ताटली तिने दाणकन टेबलावर आदळली. कवळीवाले त्या मांडायला लागले. एक कवळी उचलून ते थबकले. वा! ही आपण कधी केली होती? आठवेना. पण एवढी सुरेख म्हणजे आपलीच! त्यांनी ती मधोमध ठेवली, फोटो काढला आणि धाडून दिला.

थोड्याच वेळात डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"मधली कवळी फारच छान! बाकीच्या ठीक आहेत. पण आम्हाला मधलीसारख्याच हव्यात. तुमच्या हातचीच ना?"

"म्हणजे काय! दुसऱ्या कुणाला जमणार आहे?"

"मग काम तुमचंच. उद्या ती घेऊन या. कशी केलीत ते आमच्या लोकांनाही दाखवा."

फोन ठेवून कवळीवाले बायकोकडे वळले. "ऐकलंस? म्हणे फोटोग्राफर बोलवा!"

तेवढ्यात आतून बाबा आले. तोंडाचं पार बोळकं झालेलं.

"माझे दात कुठे गेले? वाटीत काढून ठेवले होते."

त्यांची नजर टेबलावर गेली. त्यांनी मधली कवळी उचलली, तोंडात घातली आणि ती चपखल बसली.

"काय गं हे!" कवळीवाले कडाडले.

"तुम्हीच म्हणालात ना, सगळ्या! मला काय कळतं कुठली कुणाची? बेसिनवरच्या वाटीतलीही धुतली!"

कवळीवाल्यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांची छाती पुन्हा फुगली. "मग बिघडलं काय? बाबांची कवळीही मीच केलीय की!"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले.

"बाबा?"

"तू केलेली बोचायची रे. जेवणसुद्धा धड व्हायचं नाही."

"मग मला सांगायचं ना!"

"सांगणार कसं? तू असा अंगावर येतोस. ही बाजारातल्या त्या दुसऱ्या कवळ्या करणाऱ्या माणसाकडून करून घेतली. बरीच वर्षं झाली आता. बिचारा फार शांतपणे ऐकून घेतो."

कवळीवाल्यांनी ओरडायला तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि तोंड मिटलं. संताप तर इतका आला होता की खोकं उचलून भिंतीवर मारावं! पण उद्या दवाखान्यात दाखवायचं काय?

मग घरात कुणी कधी ऐकला नव्हता अशा मवाळ आवाजात ते म्हणाले, "बाबा, तो माणूस आत्ता दुकानात असेल का हो?"