आर्डिसच्या फजची चाळीस पाकिटं

शुक्रवारी सकाळी सव्वादहा वाजता हार्लन टोस्ट्रुड शेगडीपुढे उभा राहून पातेलं ढवळत होता, आणि पातेलं त्याला दाद देत नव्हतं. पाककृतीत लिहिलं होतं, 'मध्यम आचेवर बारा मिनिटं.' ती बारा मिनिटं उलटून तास झाला होता. पातेल्यात केशरी रंगाचं काहीतरी बुडबुडत होतं आणि ते फजपेक्षा आजाऱ्याला द्यायच्या सूपसारखं जास्त दिसत होतं.

हे त्यानं स्वतःच ओढवून घेतलं होतं. त्याची बायको आर्डिस गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी शहरातल्या हॉस्पिटलात होती, आणि चर्चचा ऑक्टोबरचा बाजार नेमका याच आठवड्यात आला होता. या बाजारात खिडकीजवळच्या टेबलावर आर्डिसचं भोपळ्याचं फज, म्हणजे दूध-साखर आटवून केलेली मऊ वडी, असतं. गेली सव्वीस वर्षं आहे. केशरी फित बांधलेली चाळीस पाकिटं, दार उघडल्यावर अर्ध्या तासात फस्त. "बर्निसला सांग, यंदा नाही जमायचं," असं आर्डिस म्हणाली होती. बर्निस म्हणजे बाजाराची सर्वेसर्वा. त्यावर "बरं" म्हणून गप्प बसावं की नाही? पण हार्लन म्हणाला, "त्यात काय एवढं? मी करतो की!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तसा त्याच्या आत्मविश्वासाला आधार होता. गावच्या धान्यकोठारात त्यानं पस्तीस वर्षं मक्याचा ओलावा मोजला होता. शेतकऱ्यानं ट्रक आणला की मूठभर दाणे तळहातावर घेऊन हा सांगायचा, "साडेसतरा टक्के. वाळवून आण." मागून यंत्रही तेच सांगायचं. असा माणूस भोपळ्याच्या वडीला घाबरतो होय? पण गुरुवारी तो दुकानात गेला तर डब्यातल्या भोपळ्याची फळी रिकामी. ऑक्टोबरात घरोघरी भोपळाच शिजत असतो. हार्लन हात हलवत घरी आला, आणि दाराच्या पायऱ्यांवर शोभेला मांडलेले तीन टपोरे भोपळे त्याला दिसले. "डबा हवाय कुणाला? हा घरचा, ताजा!" असं म्हणून त्यानं तिन्ही चिरले. पायरीवरचा भोपळा हा हॅलोविनला डोळे-नाक कोरायचा भोपळा, त्यात नुसते धागे आणि पाणी, हे मिनेसोटातलं शेंबडं पोरही सांगेल. ओलावा मोजण्यात जन्म घालवलेल्या माणसाला मात्र ते सुचलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"कुठवर आलं?" आर्डिसनं विचारलं.

"झालंच."

"रंग?"

"रंग एकदम फर्स्टक्लास."

"गार पाण्यात थेंब टाकून बघितलास? गोळी होते?"

हार्लननं वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला. थेंब पाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला.

"होतेय की."

"घट्ट?"

"मध्यम."

 आर्डिस हळू आवाजात म्हणाली, "हार्लन, मला काल झोपच नाही लागली. लग्न करून या गावात आले ना, तेव्हा दोन वर्षं सगळे मला 'टोस्ट्रुडची बायको' म्हणायचे. फज करायला लागले आणि मग आर्डिस झाले. लोक वाट बघत असतात रे. त्यांचा हिरमोड नको व्हायला. आणि ऐक, उद्या माझी बहीण मला थेट चर्चलाच आणून सोडणार आहे. बाराला."

"बाराला?"

"डॉक्टर म्हणाले, खुशाल जा. का रे?"

"काही नाही. ये ना. छानच!"

फोन ठेवून हार्लननं वाटीत दुसरा थेंब टाकला. त्याचीही गोळी झाली नाही.

त्यानं ते सगळं ट्रेमध्ये ओतलं आणि मागच्या ओसरीवर गारठ्यात नेऊन ठेवलं. दोन तासांनी जाऊन ट्रे तिरका केला, तर अर्धं फज शांतपणे वाहत त्याच्या बुटावर आलं. उरलेलं त्यानं परत पातेल्यात घातलं आणि आच पूर्ण वाढवली. बूट पुसायला तो दोन मिनिटं खाली वाकला असेल नसेल, तोच खालून करपल्याचा वास आणि वरून धुराच्या घंटेचा ठणाणा सुरू झाला. खुर्चीवर चढून, टॉवेल फडकावून त्यानं घंटा गप्प केली. पातेल्यातला चमचा ओढला तर चमच्याबरोबर पातेलंही वर आलं. एवढ्या वेळात ओलावा गेला होता खरा, पण आता त्या ऐवजानं रस्त्याचे खड्डे बुजवता आले असते.

साखर होती. दूध आणि लोणी संपलं होतं. दीड वाजला होता. हार्लन शेजारच्या म्युरिएलकडे धावला.

म्युरिएलचे हात कोपरापर्यंत कणकेत होते. "आटवलेल्या दुधाचे डबे गॅरेजच्या फळीवर आहेत, लोणी आडव्या फ्रीझरमध्ये. आपल्या हातानं घे. हरणाच्या मांसाखाली बघ!" ती आतूनच ओरडली.

हार्लननं हरणाचं मांस बाजूला केलं. खाली लोणी नव्हतं. खाली केशरी फिती होत्या. एक पाकीट, त्याखाली दुसरं, त्याखाली आणखी तीन. प्रत्येकावर आर्डिसच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी, त्यावर वर्ष, आणि एकाही फितीची गाठ सुटलेली नव्हती.

"मिळालं का लोणी?" म्हणत म्युरिएल दारात आली आणि जागीच थिजली.

"हे काय गं?"

"ते... जपून ठेवलंय."

"पाच वर्षं?"

"चांगली वस्तू आहे. पुरवून पुरवून खावी."

"म्युरिएल, एकाचीही गाठ सुटलेली नाही."

म्युरिएलनं हात एप्रनला पुसले. "हार्लन, तुझ्या गळ्याची शपथ, आर्डिसवर माझा फार जीव आहे. पण ते इतकं गोड असतं रे! एक तुकडा खाल्ला की दाढा ठणकतात. आणि त्यात भोपळा!"

"मग दर वर्षी घेतेस कशाला?"

"आता ती टेबलामागे हसत उभी असते, तिच्यासमोरून तशीच पुढे जाऊ? माणूस आहे की कोण आहे मी? आणि मला एकटीला काय धरतोस! क्लिफर्डकडे जाऊन बघ."

हार्लनला आर्डिसचं फार वाईट वाटलं. गाव रांग लावून विकत घेतं आणि घरी नेऊन पुरतं! त्याला रागच आला. पण मग आठवलं, दर वर्षी आर्डिस त्यालाही कडेचा एक तुकडा कॉफीबरोबर द्यायची, आणि तो तुकडा कोणाच्या पोटात जायचा हे घरचं कुत्रं जिवंत होतं तोवर त्याचं आणि कुत्र्याचं गुपित होतं. त्याचा राग ओसरला. हातात पाच पाकिटं होती. उद्या चाळीस हवी होती. आणि हार्लनच्या डोक्यात एक विचार आला, जो त्यानं एरवी कधीही येऊ दिला नसता.

समोरचा क्लिफर्ड आधी कानावर हात ठेवून म्हणाला, "माझ्याकडे कुठलं? मी तर गाडीतच संपवतो!"

"फ्रीझर उघड."

"अरे, विश्वास नाही का मित्रावर?"

"नाही. उघड."

सात निघाली. आपल्याला कोणी रागवायला आलेलं नाही, उलट ही ब्याद घरातून जाते आहे, हे कळल्यावर क्लिफर्डचा चेहरा उजळला. "आठवं वर्कबेंचच्या आखूड पायाखाली आहे. चालेल का?" त्यानं उत्साहानं विचारलं. ते नको म्हणून हार्लन पुढच्या घरी गेला. दारोदार तेच. आधी "छे, कधीच संपलं!", मग इकडेतिकडे बघणं, मग फ्रीझरचं झाकण. चार वाजता त्याच्या गाडीत एकोणचाळीस पाकिटं होती. चाळिसावं मागायला, आणि खरं तर परवानगी मागायला, तो बर्निसच्या दारात उभा राहिला. 

बर्निसनं सगळं ऐकून घेतलं. "देवाच्या घरात शिळं विकणार तू?"

"शिळं नाही गं. गोठवलेलं."

"आणि कोणी खाल्लं तर?"

"सव्वीस वर्षांत कोणी खाल्लंय?"

 बर्निस आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. "हे घे. आणि फिती नव्या बांध, जुन्यांचा रंग उडालाय. चिठ्ठ्याही बदल. वर्षं दिसतात त्यावर."

शनिवारी दहाला बाजार उघडला. हार्लन टेबलामागे उभा होता. "अगंबाई, आलं का आर्डिसचं फज!" म्युरिएल इतक्या मोठ्यानं म्हणाली की हार्लनला घाम फुटला. क्लिफर्डनं पाकीट उचलून नाकाशी नेलं आणि डोळे मिटून मान डोलावली. दिलेलं परत घ्यायला सगळं गाव शहाण्यासारखं रांगेत आलं. साडेदहाला टेबल रिकामं झालं. हार्लननं सुटकेचा श्वास सोडला.

तो त्यानं जरा लवकरच सोडला. चर्चला जूनमध्ये नवे पास्टर आले होते, अर्लिंग निल्सन नावाचे, तरुण आणि खाण्यापिण्याची आवड असलेले. गावची रीत त्यांना ठाऊक नव्हती. बाराला पाच मिनिटं असताना ते कॉफीचा कप घेऊन मधल्या टेबलाशी बसले आणि त्यांनी आपल्या पाकिटाची फित सोडली.

सगळा हॉल त्यांच्याकडे बघू लागला. म्युरिएलनं बर्निसचा दंड धरला.

"पास्टर," हार्लन धावत गेला, "ते घरी जाऊन सावकाश खा ना!"

"छे हो, दम कुठे निघतोय!" म्हणत पास्टरनी अख्खा तुकडा तोंडात टाकला.

ते कुठल्या वर्षाचं होतं, कोणाच्या फ्रीझरमधलं, हरणाखालचं की माशाखालचं, देव जाणे. पास्टर चावत होते. हार्लन त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत मनात प्रार्थना म्हणत होता, आणि त्याच वेळी दार उघडून वॉकर टेकत टेकत आर्डिस आत आली.

पास्टरनी आवंढा गिळला. मग दुसरा तुकडा खाल्ला. मग तिसरा. "आर्डिस," ते तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "असं फज मी जन्मात खाल्लं नव्हतं! आणखी नाही का?"

कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्या हॉलनं जीव खाऊन टाळ्या वाजवल्या. आर्डिसचे डोळे भरून आले. ती पास्टरच्या टेबलाशी आली, सराईतपणे एका तुकड्यावर अंगठा दाबला आणि हार्लनकडे बघितलं.

"जमलंय की रे छान! अगदी माझ्यासारखं."

"तुम्हीही घ्या ना," पास्टर म्हणाले.

"मला नको. औषधं चालू आहेत."

घरी जाताना हार्लन गाडी चालवत होता. दोन्ही बाजूंना मक्याची कापणी झालेली शेतं होती. गावाबाहेर आल्यावर आर्डिस म्हणाली, "एक सांगू? मला भोपळा आवडत नाही. मी एकदासुद्धा ते फज चाखलेलं नाही."

गाडी जराशी रस्त्याच्या कडेला गेली. "मग सव्वीस वर्षं...?"

"बर्निसनं पाककृती हातात दिली आणि म्हणाली, हे आता तू कर. गावात नवी होते, नाही कसं म्हणणार? मग लोकांना इतकं आवडायला लागलं की बंद करायची सोयच राहिली नाही. दर ऑक्टोबरला पोटात धस्स होतं माझ्या. पण आज तुझं बघितलं आणि सुटले बाई. पुढच्या वर्षीपासून तू करायचंस."

एक वाक्य बोललं असतं तर आर्डिस सुटली असती, तो सुटला असता, अख्खं गाव सुटलं असतं. ते वाक्य हार्लनच्या ओठांवर आलंही. पण आर्डिस खिडकीतून बाहेर बघत गालातल्या गालात हसत होती, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. इतकं प्रेम त्याला तिच्याबद्दल बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

"करीन," तो म्हणाला.

"मग चाळीस नको, पन्नास कर. पास्टरना दहा जास्तीची हवीत, गावी पाठवायला."

 हार्लन मनातल्या मनात फ्रीझर मोजत होता. चाळीसपैकी एक पास्टरनी खाल्लं होतं. म्हणजे अकरा त्याला खरोखरच बनवावी लागणार होती.