वर्दीसकट गहू

हिंदुराव आबांनी खिशातून तंबाखूची डबी काढली की समोरच्याचा तळहात आपोआप पुढं येतो. आबा त्यावर चिमूट सोडतात. माणूस ती गालात धरतो, डोळे मिटतो, वाट बघतो. काहीच होत नाही, कारण डबीत कोंडा असतो. गव्हाचा साधा, सुका, घशात चिकटणारा कोंडा.

तासगावच्या गाडीत एकदा कंडक्टरनं असाच कोंडा गालात भरला. दोन थांबे गेले तरी त्याचा चेहरा कोराच.

"आबा, ह्याला किकच न्हाई की वो."

"किक उद्या सकाळी बसंल," आबा म्हणाले. "घरातनं लवकर निघू नगंस."

आबा आमचे माधवनगरचे शेजारी. मूळचे मेढ्याकडचे, फौजेत हवालदार होते. आता पेन्शन घेतात आणि कोंड्याचा प्रचार करतात. अंगात खाकी शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट आणि तोंडात एकच वाक्य, "वर्दीसकट खा!"

म्हणजे कसं, तर कोंडा ही गव्हाची वर्दी. वर्दी उतरवली की जवान काय कामाचा? मैद्याला ते 'नागडा गहू' म्हणतात आणि बेकरीसमोरून जाताना मान दुसरीकडं वळवतात, आत बायाबापड्या आंघोळ करत असल्यासारखी. "आतडं झाडायची फटीक कोंडा करतो," हे त्यांचं शरीरशास्त्र; फटीक म्हणजे फौजेतली झाडलोटीची ड्यूटी. ते एवढ्यावरच संपतं.

माझं शरीरशास्त्र याहून जरा मोठं आहे, कारण मी पत्रकं लिहिते. आमचं मंडळ लहान आहे, पण गळा मोठा. अख्खं धान्य खा, पोट साफ राहतं, भूक टिकते, साखर हळूहळू चढते, हे आम्ही दारोदार ओरडून सांगतो. आणि ओरडायला नको तर काय करायचं? गव्हातलं चांगलं तेवढं काढून म्हशीला घालायचं, उरलेला पांढरा भुगा लेकरांना खारी म्हणून चारायचा, आणि वर 'मल्टिग्रेन' लिहिलेल्या पुड्यात पुन्हा मैदाच भरायचा! याला धंदा म्हणत नाहीत. याला भामटेगिरी म्हणतात.

पत्रक लिहायला मला ज्यांनी शिकवलं त्यांचा एकच नियम होता. पत्रकात 'पण' नसतो. 'पण' आला की वाचणारा तिथंच कागद चुरगळतो आणि त्यात भजी बांधतो. मी हा नियम देवासारखा पाळला.

आबा आमच्या बाजूचे. हेच आमचं दुर्दैव. विरोधकाला उत्तर देता येतं, असल्या समर्थकाला कुठं लपवायचं? तासगावात त्यांच्या भाचीच्या लग्नात ते आमचा बिल्ला लावून पंगतीत बसले आणि श्रीखंडावर डबी उपडी केली. एवढ्यावर थांबते तर आबा कसले. शेजारी नवरदेवाची आत्या होती. तिच्याही वाटीवर त्यांनी चिमूट सोडली.

"आवं, मांडवाचा भुसा पडला जणू!" आत्या किंचाळली.

"भुसा न्हवं, रेशन हाय. खावा."

त्या घरात आजही आमच्या मंडळाला 'भुसामंडळ' म्हणतात.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. नाक्यावरच्या बेकरीत 'आरोग्यदायी ब्राउन ब्रेड' आला तेव्हा आबांनी एक स्लाइस घेतला आणि गिऱ्हाइकांदेखत पाण्याच्या पेल्यात बुडवला. पाणी तपकिरी झालं, पाव पांढरा. आबा बेकरीवाल्याला म्हणाले, "गड्या, ह्याची वर्दी भाड्याची हाय." माझी दहा पत्रकं त्या एका पेल्यापुढं फिकी होती. त्याच दिवशी मी आबांना मोहिमेत घेतलं.

मोहिमेचं नाव 'चाळण जमा करा'. घरात चाळण राहिली की कोंडा जाणारच, तेव्हा चाळणच काढून घ्यायची. जमलेल्या चाळण्यांचं तोरण समाजमंदिराला बांधायचं, फोटो काढायचा, भाषण ठोकायचं. आबांनी अख्खी गल्ली चार दिवसांत निःशस्त्र केली. दारात उभं राहून 'सावधान' म्हणायचे आणि हात पुढं करायचे. बायका वैतागून चाळण द्यायच्या. एका घरातून ते चहाची गाळणीसुद्धा घेऊन आले. ती मी परत केली.

कार्यक्रमाच्या दिवशी आबा प्रमुख पाहुणे. फेटा बांधलेला, मागं चाळण्यांचं तोरण वाऱ्यावर खणखणतंय. आबांनी माइकवर "वर्दीसकट खा!" असा नारा दिला, सवयीनं डबी काढली आणि पहिल्या रांगेत चिमटी वाटायला लागले. तिसऱ्या खुर्चीवर सुमनकाकू. आबांच्या भिंतीला भिंत लागून यांचं घर. काकूंनी तळहातावरचा कोंडा नीट बघितला आणि उभ्या राहिल्या.

"आबा, एक इचारू? आमी चाळणी दिली. तवापासनं आमच्या घरात चमचाभर कोंडा न्हाई. सगळा पोटात जातो. मग तुमच्या डबीत ह्यो कुठनं येतो?"

इतकी वर्षं ती डबी सगळ्यांनी पाहिली होती. गहू वर्दीसकट खाणाऱ्याकडं सुटी वर्दी येते कुठून, हे मंडळाच्या एकाही विद्वानाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

"आन् रोज सकाळी भिंतीपलीकडनं सर्र-सर्र ऐकू येतं," सुमनकाकूंनी लावून धरलं. "ते काय, आगगाडी जाती?"

लोक हसले. आबांनी डबी मिटली, पुन्हा उघडली. "आमच्यात चाळण न्हाई," ते पुटपुटले. गोळी खायला तयार असलेला माणूस, आणि आवाज असा की माइकलाही ऐकू जाईना.

माझं डोकं फिरलं. गल्लीच्या चाळण्या उचलायच्या आणि स्वतःची लपवायची? हे तर त्या ब्राउन ब्रेडपेक्षा वाईट. "दोन मिनिटं थांबा, मीच घेऊन येते," असं माइकवर सांगून मी तरातरा त्यांच्या घरी गेले. आबा मागून "लीडर, थांब! ए पोरी!" म्हणत होते. मी थांबले नाही.

दार उघडंच होतं. शालनकाकी, म्हणजे आबांची बायको, स्वयंपाकघरात परातीवर चाळण धरून बसल्या होत्या. चाळण मैद्याच्या चाळणीहून बारीक, वर मलमलचं फडकं. काकी कधी कुठल्या कार्यक्रमाला येत नसत. मला वाटायचं, त्यांना आबांची लाज वाटते. ते समजण्यासारखं होतं.

"न्ह्यायला आलीस व्हय?" काकी म्हणाल्या. "न्हे बाई. खरं उद्या मी काय खाऊ तेवढं सांगून जा."

मग कळलं. काकींच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं होतं. आतडं एका जागी अरुंद राहिलंय. साल, कोंडा तिथं अडकतो आणि काकी कळांनी गडाबडा लोळतात. डॉक्टरांनी सांगितलंय, भात खा, चाळलेल्या पिठाची मऊ चपाती खा, कोंडा तोंडात घालायचा नाही. माझ्या पत्रकातलं सगळं खरं होतं. तरी यांच्या घरात ते विष होतं.

"मग काकी, सांगायचं की! कार्यक्रमातच सांगितलं असतं."

"काय सांगू? माझं आतडं गल्लीनं चघळायला? मीच ह्यास्नी शपथ घातली, कुणाला बोलायचं न्हाई."

"आणि कोंडा?"

काकी हसल्या. "दवाखान्यातनं आले, पैल्या दिशी पीठ चाळलं, आन् कोंडा बघून मला रडू आलं. म्हटलं, माझ्यापायी आता रोज धान्य वाया. हे पेपर वाचत हुते. पेपर खाली न घेता म्हणाले, दे हिकडं, मला कोंडाच आवडतो. तवापासनं आवडतोय."

"आधी नव्हता आवडत?"

"ह्यास्नी? लगीन झालं तवा चपातीत एवढंसं साल दिसलं तर ताट सारायचे!" काकींनी फडकं झटकलं. "आता भाकरीत घालत्यात, आमटीत घालत्यात. सपत न्हाई तर डबीत भरून वाटत्यात. त्यांचं बी वय झालं गं. रात्रभर पोट धरून बसत्यात, आन् मी इचारलं की म्हणत्यात, व्यायाम करतोय. माझं न्हाई ऐकत. छापल्यालं ऐकत्यात. तुझ्या कागदात लिव की, म्हाताऱ्यांनी कोंडा बेतानं खावा म्हणून."

मी रिकाम्या हातानं परत आले. सगळे माझ्याकडं बघत होते, सुमनकाकू तर उभ्याच होत्या. मी माइक घेतला. "बघून आले. शिलाई मशीन आहे."

"मशीन पीठ गाळतंय व्हय?" सुमनकाकू म्हणाल्या. मग त्यांनी आबांच्या तोंडाकडं बघितलं, काय दिसलं कुणास ठाऊक, आणि त्या खाली बसल्या. जाताना हातावरचा कोंडा टाकून मात्र दिला नाही. तोंडात घातला.

पुढचं पत्रक मी लिहिलं. वर सगळं नेहमीचं, ठणठणीत. खाली एक ओळ. 'पण आतड्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि उतारवयात कोंडा बेतानं.' मंडळात भांडण झालं. एक जण म्हणाला, बेकरीवाल्यांनी पैसे दिले काय? मी म्हटलं, ओळ निघाली तर मीही निघाले. ओळ राहिली.

पहिली प्रत आबांना नेऊन दिली. आबा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. चष्मा लावून त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचलं. खालच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं.

"ह्यो 'पण' कुणी घातला?"

"मी."

"डरपोक झालीस, लीडर." त्यांनी कागदाची चौकोनी घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं. आतून पीठ चाळल्याचा आवाज येत होता. आबांनी मान त्या बाजूला वळवली आणि परेड मैदानाला पुरेल असा आवाज काढला, "आपल्याला तर बाबा कोंडाच आवडतो!"

आतली सर्र-सर्र थांबली.

"म्हाईत हाय की," काकी आतून म्हणाल्या.

आणि चाळण पुन्हा सुरू झाली.