ताण देऊ नका

ताण या विषयात मला कोणी शिकवायची गरज नाही! कंपन्या मला मुद्दाम बोलावून घेतात. चिडके साहेब, रडकुंडीला आलेले कारकून, सगळ्यांना मी सांगतो: खांदे सैल सोडा, श्वास घ्या, हसा! म्हणून सासऱ्यांनी गावाला जाताना त्यांची कुंडी आमच्या घरी ठेवली, तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो.

कुंडीत एक बुटकं सदाहरित झाड होतं, दाट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. सासूबाईंनी त्याचं ताजं बी आणून रुजवलं आणि रोप हातभर व्हायच्या आत त्या गेल्या. तेव्हापासून सासरे त्याला जिवापाड जपतात.

"जावईबापू, थेट ऊन नको," ते म्हणाले. "बुंध्याशी पालापाचोळा राहू द्या. आज मी भरपूर पाणी घातलंय. आणि एक लक्षात ठेवा, याला ताण अजिबात द्यायचा नाही."

"बाबा, ताणाचं माझ्यावर सोडा!"

मी कुंडी बैठकीच्या खोलीत सावलीला ठेवली आणि घराला शिस्त लावली. टीव्ही मुका. कुकरच्या शिट्ट्या बंद. लेकीचे पाढे जिन्यात. बायकोला माझा राग आला, तर तिनं आधी स्वयंपाकघरात जायचं, दार लावायचं आणि मग चिडायचं!

तरीही पानं मलूल झाली.

"पाणी घालू का रे?" बायकोनं कुजबुजत विचारलं.

"बाबांनी घातलंय ना भरपूर! जंगलातलं झाड आहे, नव्या घरात बुजलंय. त्यात अंगावर गार पाणी ओतलंस तर दचकेल."

"झाड दचकेल?"

"हळू बोल!"

मग मी रोज कुंडीसमोर मांडी घालून बसू लागलो. "खांदे सैल सोड," मी म्हणायचो, आणि खरंच फांद्या खाली झुकायच्या! इतका आज्ञाधारक विद्यार्थी मला आजवर मिळाला नव्हता. पानं गळायला लागली, तेव्हा मी बायकोला समजावलं, "मनावरचं ओझं उतरवतंय ते."

सासऱ्यांचा फोन आला. "ताण नाही ना दिलात?"

"छे हो! घरात कोणी मोठ्यानं शिंकलंसुद्धा नाही!"

"उद्याच येतो," ते म्हणाले.

आले ते हातातली पिशवी न ठेवता थेट कुंडीपाशी. मातीत बोट घालायला गेले, तर बोट आत जाईना.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचं माहीत नाही, पण ताण म्हणाल तर बिलकुल नाही!"

"जावईबापू, झाडाला ताण देणं म्हणजे त्याचं पाणी तोडणं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंच्या हातचं तेवढं एकच झाड उरलं होतं. ते तहानेनं मरत होतं आणि मी त्याच्यासमोर बसून श्वास कसा घ्यावा ते शिकवत होतो!

सासऱ्यांनी नखानं फांदी हलकेच खरवडली. आत बारीकशी हिरवी रेघ दिसली. "आहे, जीव आहे अजून," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. मग त्यांनी कुंडी पाण्यानं भरलेल्या बादलीत बसवली. माती बुडबुडे सोडत कितीतरी वेळ पाणी पीत राहिली.

"बाबा, ओरडा ना त्याच्यावर!" इतक्या दिवसांत बायको पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

सासरे उठले. स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी घेऊन आले आणि तो पेला माझ्या हातात दिला.

"प्या," ते म्हणाले. "तुम्हालाही ताण बसलेला दिसतोय."

मी खाली मान घालून गटागट प्यायलो. खांदे तर केव्हाच सैल पडले होते!