ताई, आपला आदर राखून सांगतो

त्या रविवारी मी वाल सोलायला बसलो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आमच्या सुकापूरच्या फ्लॅटमध्ये आशालताने, म्हणजे माझ्या सौभाग्यवतीने, मोड आलेल्या वालांचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. म्हणाली, "एवढे सोलून द्या, बिरडं करते." हे काम ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. एकेक दाणा चिमटीत धरावा, तर साल हातात राहते आणि दाणा सोफ्याखाली पळतो. मी चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, "मला कॉम्प्युटरवर जरा महत्त्वाचं काम आहे." (मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. माझं महत्त्वाचं काम ऑफिसातच अजून कोणाला सापडलेलं नाही, ते घरी कुठून येणार?)

कॉम्प्युटर सुरूच होता आणि फेसबुकही उघडंच होतं. समोर बातमी होती: टीव्हीवरची लाडकी सून ओजस्वी सरंजामे स्वतःच्या खऱ्या लग्नात, फुलांनी मढवलेल्या जेसीबीच्या बकेटमध्ये उभी राहून मंडपात आली. खाली फोटो, आणि फोटोखाली आठशे कमेंट.

मी आयुष्यात कधी कमेंट केली नव्हती. ऑफिसात प्राचार्य बोलतात, घरी आशालता बोलते, मधल्या प्रवासात रिक्षावाला बोलतो. माझं मत ऐकायला प्रथमच आठशे माणसं रांगेत उभी होती. मी टाइप केलं: "हे लग्न आहे की गटाराचं कंत्राट?"

दोन मिनिटांत दोन लाइक आले. (त्यातला एक माझाच होता, पण दुसरा परका होता हो!) मग मात्र माझी भीड चेपली. मी खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं: "निव्वळ अभिरुचीहीन प्रदर्शन! अशा लग्नात जेवणारा माणूस माणूस नव्हे, गाढव!"

आणि सगळे माझ्यावर तुटून पडले. लातूरचा एक जण म्हणाला, पुरावा द्या. नाशिकचा म्हणाला, सीमेवर जवान उभे आहेत आणि तुम्हाला जेसीबी सुचतो. एका बाईंनी ओजस्वीची साडी पैठणी आहे की नाही हा मुद्दा काढला, त्यावरून येवला विरुद्ध पैठण असं युद्ध पेटलं, आणि अडतिसाव्या उत्तरापर्यंत सगळी मंडळी मिसळ पुण्याची चांगली की कोल्हापूरची यावर एकमेकांचे वाडवडील काढत होती. मधूनच एक इसम वजन कमी करायची पावडर विकून जात होता. त्याच्यावर मात्र कोणी रागावत नव्हतं.

एक गोष्ट मला डाचत होती. जो तो मला "ताई" म्हणत होता.

"ताई, शांत व्हा." "ताई, घरचं काम नाही का?" मला वाटलं, पुरुषाला ताई म्हणणं ही नव्या पिढीची नवी शिवी असावी. सर्वांत चिवट होता 'दिलजला पनवेलकर' नावाचा एक इसम. तो प्रत्येक उत्तराची सुरुवात एकाच वाक्याने करायचा: "ताई, आपला आदर राखून सांगतो, जेसीबी हे मेहनतीचं यंत्र आहे. ओजस्वी मॅडमनी त्याचा मान वाढवला." इतक्या अदबीने अपमान करणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी त्याला उलट लिहिलं, "हिंमत असेल तर ताई म्हणू नका!" त्यावर तो म्हणाला, "बरं, वहिनी म्हणतो." मंगळवारपर्यंत मी त्याच्याशी शहात्तर कमेंट भांडलो. त्या तीन दिवसांत ऑफिसातल्या किती फायली हलल्या नाहीत, ते विचारू नका. (एरवीही हलत नाहीत.)

इकडे घरात काहीतरी बिनसत होतं. आशालताचं माहेर गव्हाणचं. तिचा थोरला भाऊ बळीरामदादा, तीन जेसीबींचा मालक. त्याच्या एकुलत्या एका लेकीची, हेतलची, शुक्रवारी हळद होती. त्या घरची रीत अशी, की नवरीला पहिली हळद आत्याने लावायची, आणि आत्याला आवतन भावाने स्वतः तिच्या घरी येऊन द्यायचं. फोनवरचं आवतन म्हणजे आवतनच नव्हे. आणि बोलावल्याशिवाय जाणं तर त्याहून कठीण. आशालताने हिरवी साडी पंधरा दिवस आधीच इस्त्री करून ठेवली होती. हेतलला तिने कडेवर घेऊन वाढवलेलं. पण मंगळवार मावळला तरी भाऊ आला नाही. जनीवहिनी, म्हणजे दादाची बायको, फोन उचलेनात.

"माझं काही चुकलं का हो?" आशालता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी म्हणालो, "लग्नघर आहे, विसरला असेल." लगेच कॉम्प्युटरकडे वळलो, कारण दिलजल्याने नुकतंच काहीतरी लिहिलं होतं. (माणूस किती नालायक असू शकतो, हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.)

त्याच संध्याकाळी खालच्या मोबाइल दुकानवाल्या अमजदच्या घरून वाटीभर खीर आली. अमजद माझा पंधरा वर्षांचा दोस्त. त्याची बायको शहाबानो दारात उभी राहून हळूच म्हणाली, "भाभींची तब्येत कशी आहे? आराम करायला सांगा त्यांना. डोक्याला ताप नको." मला काही उलगडा झाला नाही. खीर उत्तम होती.

बुधवारी सकाळी आशालता भाजीला गेली असताना सोनाबाई आली. सोनाबाई गव्हाणची, आमच्याकडे मच्छी घालते. टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "आख्या गावाला आवतन गेला, तुमचेच घरला कसा नाय? खरा हाय का वो, आशीनी कांपुटरवर लिवलाय?"

"काय लिहिलंय?"

"हेतलचे लग्नान जेवल तो गाढव! बलीरामाचा लगीन म्हंजे गटाराचा कंत्राट! पोरगी जेशीबीत बसून येनार हाय ना, त्याच्यावरच लिवलाय. जनी दोन दिस रडतंय. बोलतं, सखी नणंद अशी बोलली तं दुनिया काय बोलल?"

माझ्या हातातली कोलंबी टोपलीत परत पडली.

मी धावत कॉम्प्युटरपाशी गेलो आणि तीन दिवसांत प्रथमच, चष्मा लावून, माझ्या कमेंटवरचं नाव पूर्ण वाचलं: 'आशालता कमळाकर भोईर'. हेतलचे साखरपुड्याचे फोटो बघताना आशालताने आपलं खातं उघडं ठेवलं होतं. फोटो माथेरानचा, आम्हा दोघांचा. माझ्याही खात्यावर तोच. आणि नावात 'कमळाकर' दिसलं की पुढे काय आहे ते कोण बघतो? बायकोच्या नावात आपलं नाव लावायची पद्धत पुरुषांनी काढली, त्याचा सूड असा उगवला.

आता शहाण्या माणसाने कमेंट पुसल्या असत्या. मी जाहीर खुलासा केला: "वरील सर्व कमेंट माझ्या आहेत. माझ्या पत्नीचा त्यात काहीही दोष नाही." सुटकेचा श्वास सोडला आणि मग पाहिलं, तर खुलाशावरही नाव आशालताचंच! पहिलं उत्तर लातूरहून आलं: "ताई, आपल्याला पत्नी आहे?"

तसाच बनियनवर अमजदच्या दुकानात गेलो. त्याने सगळं ऐकलं, आणि त्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"म्हणजे वहिनी नव्हत्या? ते तुम्ही होता?"

"हो रे बाबा."

"तौबा तौबा! भोईरसाहेब, तीन दिवस मी जीभ चावून, आदर राखून लिहितोय! आधी माहीत असतं, तर एका कमेंटमध्ये निकाल लावला असता!"

दिलजला पनवेलकर माझ्यासमोर उभा होता, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. "शहाबानो रोज दुवा मागते वहिनींसाठी," तो म्हणाला. मग त्याने आधी वर येऊन माझ्या सगळ्या कमेंट स्वतःच्या हाताने पुसल्या, दुकानाचं शटर खाली ओढलं, मला शर्ट घालायला लावला आणि स्कूटरवर मागे बसवून गव्हाणला नेलं. शहात्तर वेळा भांडलेला शत्रू भरदुपारी गिऱ्हाईक सोडून माझ्यासाठी निघाला. वाटेत मी त्याला घट्ट धरून बसलो होतो, आणि ते केवळ खड्ड्यांमुळे नव्हतं.

बळीरामदादाच्या अंगणात जेसीबी उभा होता. बकेटला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या आणि आत लाल गालिचा. हेतल ओटीवर मान खाली घालून बसली होती. मला बघून जनीवहिनी उठून आत गेल्या. पाणीही आलं नाही. त्या घरी हे प्रथमच घडत होतं.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. वाल, कॉम्प्युटर, चष्मा, कमळाकर. "दादा, मला शिव्या द्या. मला जेवायला बोलावू नका. पण हेतलला पहिली हळद आशालतानेच लावायला हवी. तिने एक अक्षर लिहिलेलं नाही."

बळीरामदादाने खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाला, "भावजी, मना पयल्याच दिशी डाऊट आल्ता. आशी भांडल तं तोंडावर भांडल. आनि तो 'अभिरुचीहीन' शबुद! येवरा मोठा शबुद आमचे घरान कोनाला येत नाय."

"मग आवतन का नाही दिलंत?"

"जनीला पटत नव्हता. आनि मी बोललो, ज्यानी लिवलाय तो येल. तुमी आजून येक दिस नसता आला, तं मीच आलो अस्तो."

आतून जनीवहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या ठेवताना जरा आपटला, पण ठेवला.

"येक शिक्षा हाय," दादा म्हणाला. "हलदीला या मशीनीचे पुढं तुमी नाचाचा. आनि पंगतीन पयले पानावर बसाचा."

दिवेलागणीला तो सहकुटुंब आमच्या घरी आला. नारळ, सुपारी, अक्षता, सगळं रीतसर. आशालतापुढे हात जोडून म्हणाला, "आशे, लग्नाचे घाईन उशीर झाला. भावाला माफी कर." माझ्याबद्दल अवाक्षर नाही! जनीवहिनीही काही बोलल्या नाहीत. आशालता भावाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. त्या माणसाच्या मनाचा मोठेपणा मी जन्मात विसरणार नाही, आणि अमजदचे उपकार तर फेडता येण्यासारखे नाहीतच.

शुक्रवारी आशालताने हेतलला पहिली हळद लावली. हिरव्या साडीत ती अशी हसत होती, की मला आमचंच लग्न आठवलं. मग हेतल जेसीबीच्या बकेटमध्ये उभी राहून मंडपात आली, आणि खरं सांगतो, फार गोड दिसली. पुढे डीजेवर मी नाचलो. (नाचलो म्हणजे हातपाय हलवले. गावातल्या म्हाताऱ्यांनी रस्ता मोकळा करून दिला.) नंतर पहिल्या पानावर बसून पापलेट, कोलंबी, तांदळाची भाकरी, सगळं तीन-तीनदा घेतलं. वाढायला स्वतः जनीवहिनी होत्या. "घ्या भावजी, लाजू नका," म्हणत वाढतच होत्या.

रविवार उजाडला. मी न सांगता वालांचं पातेलं मांडीवर घेतलं. आशालता कॉम्प्युटरवर बसली होती.

"हळदीचे फोटो टाकले हो हेतलने," ती म्हणाली. "तुमचाही आहे. आणि तुमच्या कमेंटला एकशे चौदा लाइक!"

मी उडालोच. मी कसली कमेंट केली? पातेलं बाजूला ठेवून चष्मा लावला आणि वाकून बघितलं. फोटोत मी, केळीच्या पानावर, दोन्ही गाल फुगलेले. त्याखाली ठळक नाव, 'कमळाकर भोईर', आणि कमेंट: "अशा लग्नात जेवणारा माणूस माणूस नव्हे, गाढव!"

"अगं, हे मी नाही लिहिलं!"

"हो का?" आशालता उठली आणि वालांचं पातेलं शांतपणे पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं. "तुमचं खातं उघडंच होतं. भोईर दिसलं, मला वाटलं माझंच."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. केव्हापासून, ते विचारायची माझी छाती झाली नाही. एकशे चौदांतला पहिला लाइक बळीरामदादाचा होता, दुसरा जनीवहिनींचा. आणि खाली दिलजला पनवेलकरचं एकच उत्तर होतं:

"ताई, आपला आदर राखून सांगतो, पूर्ण सहमत."