अमृताचं संपूर्ण सहकार्य

"चौकशीला आत एकटी जाऊ नकोस गं. युनियनच्या शिवाप्पांना शेजारी बसव आणि विचारतील तेवढंच बोल, स्वल्प," असं शेजारच्या टेबलावरच्या पद्मावतीअक्कांनी बजावलं, तेव्हा अमृतानं ते हसण्यावारी नेलं.

"अक्का, खरं बोलायला सोबत कशाला?"

खरं तर सोबत हवी होती. बंगलोरात के. आर. पुरमजवळच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत तिच्या प्रोबेशनचा शेवटचा महिना चालू होता. नवरा अजून पुण्याच्या नोकरीत, भेट फक्त रविवारी एसटीडी बूथवर. ही नोकरी गेली असती तर क्वार्टर गेलं असतं, पाळणाघर गेलं असतं आणि तान्ह्या ईशानला काखोटीला मारून सासूबाईंपुढे उभं राहावं लागलं असतं.

भानगड साधीच होती. बंगलोरला पंधरवडाभर ऊन नव्हतं आणि ईशानसाठी केलेलं नाचणीचं सत्त्व वाळेना. टेस्टिंग रूममध्ये सर्किट बोर्ड वाळवायचा ओव्हन होता. जेवणाच्या सुट्टीत अमृतानं त्यात ताटली सरकवली. सत्त्व झकास वाळलं. पण पुढे दिल्लीला गेलेल्या बोर्डांवर तपकिरी पूड सापडली आणि हा घातपात कोणाचा, हे शोधायला तिकडून उपेंद्र बोकारे नावाचे अधिकारी आले. मूळचे नागपूरचे. मराठी माणूस म्हटल्यावर अमृताची उरलीसुरली भीतीही पळाली.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"मीच," अमृता म्हणाली.

"काय मीच?"

"पूड. नाचणीची आहे. बाळाची."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "हात्तिच्या! मी सकाळपासून घातपातवाले शोधून राहिलो न बाप्पा! जाऊ द्या. एकदा चुकून ठेवलं, असं लिहितो. समज देऊन मोकळं करू."

"एकदा नाही साहेब, चारदा."

"अहो, एकदा म्हणा न बाई!"

"खोटं कसं सांगू? आणि माझ्याआधी शिवाप्पा त्यात मोजे वाळवायचे."

"हे कोण शिवाप्पा?"

"युनियनचे. बाहेरच बसलेत, बोलावू? पद्मावतीअक्का सांडगे ठेवतात. पण त्या ताटलीवर फडकं घालतात हं, त्यांचं काही उडत नाही."

अमृताच्या नजरेतून कधीच काही सुटत नसे. आता तोंडातही काही अडेना.

"झालं न?" साहेबांनी केविलवाण्या सुरात विचारलं.

"डायरेक्टर आप्पाजी सरांचा बिसिबेळे भात तेवढा राहिला. तोही त्यातच गरम होतो, रोज."

साहेबांचं पेन खाली पडलं.

संध्याकाळपर्यंत शिवाप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं आणि अक्कांनी कॉफीला बोलावणं. दुसऱ्या दिवशी साहेबांनीच तिला हळूच बाजूला घेतलं.

"हे आपलं घरचं बोलणं. नातू माझा काहीच खाऊन नाही राहिला. थोडं सत्त्व मिळंल काय?"

अमृताला भरून आलं. तिनं डबाभर सत्त्व आणून दिलं, गुठळ्या कशा होऊ द्यायच्या नाहीत तेही सांगितलं. साहेब म्हणाले, "आता तुमच्या नोकरीची चिंता सोडा."

शेवटची बैठक आप्पाजी सरांपुढे झाली. भाताचं कानावर गेल्यापासून सरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "आणखी काही सांगायचं राहिलंय?"

साहेब टेबलाखालून जोरजोरात हात हलवत होते. ते कसली तरी आठवण करून देताहेत, असं अमृताला वाटलं.

"हो सर. साहेबांना डबाभर सत्त्व दिलंय. संपलं की अजून देते म्हटलंय."

आप्पाजी सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "म्हणजे जिची चौकशी, तिच्याकडूनच भेट? मग ही चौकशी झालीच नाही असं धरायचं!"

कागदांवरून पूड गेली, मोजे गेले, सांडगे गेले, भात तर पहिला गेला. अमृता नोकरीत कायम झाली. शिवाप्पांनी म्हैसूरपाक वाटला. "अम्मा," ते हात जोडून म्हणाले, "वकिलाला हे जमलं नसतं."

उपेंद्रसाहेबांना मात्र दिल्लीनं परत घेतलं नाही, बंगलोरबाहेर होसकोट्याच्या गोदामावर बसवलं. ते अमृताच्या मनाला लागून राहिलंय. माणूस तिथे एकटा, स्वयंपाकाची सवय नाही. ती एकदा गेली होती बघायला. साहेबांनी आतून विचारलं, "कोण?" तिनं खरं ते सांगितलं. दार काही उघडलं नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल तर तिची एवढी विनंती आहे: जरा डोकावून या, नीट जेवताहेत का बघा. आणि कोणी पाठवलं असं त्यांनी विचारलंच, तर तेवढं एक खोटं बोललात तरी चालेल.