मास्तरांच्या गच्चीवरचा सूर्य

या, जरा पुढे सरकून बसा. दाराशी कोण उभं आहे त्यालाही आत घ्या. देवानं एका भल्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकलं नाही, म्हणून त्याचं कसं भलं झालं, ते सांगतो.

निवृत्त हेडमास्तरांनी गच्चीवर सौर पॅनेल बसवले आणि त्यांच्या जिभेवरच सूर्य उगवला. जावई वीज कंपनीत लाइनमन. त्याला ते येता-जाता डिवचत, "जावईबापू, तुमच्या तारेची आता आम्हाला गरज नाही."

"मामा, तसं नसतं. तार बंद झाली की..." तो सुरुवात करी. पण पुरं बोलू देतील तर ते मास्तर कसले?

बुधवारी दहा ते दोन वीज बंद, अशी सूचना आली. मास्तरांनी गल्लीभर आमंत्रण दिलं. शिंपीणकाकू शिलाई मशीन घेऊन आल्या, शेजारचे बँकवाले लॅपटॉप घेऊन. कोपऱ्यावरच्या आजी नुसत्याच आल्या, पंख्याखाली बसायला. यांतली चार घरं मास्तरांच्या शब्दावर पॅनेल घेणार होती. आज तो शब्दच पणाला लागला होता.

दहा वाजले. गल्लीतले पंखे थांबले. मास्तरांचाही थांबला.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि आत मास्तर बटण खाली-वर करतायत.

"सूर्य आहे ना वर?" आजींनी विचारलं.

"आहे."

"मग त्याला कुणी कळवलं नसेल."

मास्तरांनी पॅनेल बसवणाऱ्याला फोन लावला.

"काका, बाहेरची लाइन गेली की तुमची सिस्टिम आपोआप बंद होते. करारनाम्याच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय. खाली तुमची सही आहे."

चाळीस वर्षं 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं पोरांना बजावणाऱ्या मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"त्याचं कारण असं, की..." तो सांगू लागला. मास्तरांनी फोन ठेवला आणि तरातरा गच्ची गाठली. पॅनेलची वीज घराच्या तारेत सोडणाऱ्या इन्व्हर्टरच्या पेटीवर चार गुद्दे घातले. शेवटी हात जोडले, "देवा, आज एकदाच चालू कर," आणि मान वर केली. ती वरच राहिली.

समोरच्या खांबावर जावई होता. दोन्ही हातांत तार. ती तार तिथून सरळ मास्तरांच्या घरात येत होती.

"मामा, मघापासून कसली आदळआपट चाललीय?"

मास्तरांचे जोडलेले हात सुटेनात. "जावईबापू, आत्ता माझी वीज चालू असती, तर?"

"तर या तारेतून माझ्या हातात आली असती. तेच सांगतोय तीन महिने."

मास्तरांनी गुद्दे घातलेल्या पेटीवरून हळूच हात फिरवला. मग ते जिना उतरले.

"वीज आली का?" आजींनी विचारलं.

"नाही आली. देवाची कृपा," मास्तर म्हणाले, आणि तिसरं पान घेऊन आजींना वारा घालू लागले.

मास्तरांकडून खांबावरची हकिगत ऐकून दोन वाजता चारही घरांनी बसवणाऱ्याचा नंबर लिहून घेतला. त्याआधी मास्तरांनी प्रत्येकाकडून ते पान मोठ्यानं वाचून घेतलं.

तुमचाही पंखा कधी भर दुपारी थांबला, तर बटणावर राग काढू नका. खांबावर कुणाचा तरी जावई चढलेला असेल. त्याची तेवढी आठवण ठेवा.