नकाराची रीतसर चौकशी

नाशिकच्या एका नामांकित महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागाने ग्रामीण महिलांच्या मनावरील दडपणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास हाती घेतला. त्यासाठी मखमलाबादच्या पुढचं एक गाव निवडण्यात आलं, कारण तिथपर्यंत शहर बस जाते. संमतीचा प्रश्न बचत गटाच्या अध्यक्षा रंगूबाई यांनी आदल्या दिवशीच निकालात काढला होता. कॉलेजकडून स्टीलचा डबा मिळणार आहे आणि कागदावर सही करायची आहे, एवढं त्यांनी सांगितलं. दर महिन्याला गटाच्या कागदांवर करतात तशा सगळ्या बायकांनी सह्या ठोकल्या.

झेंडू पिकवणारी कुसाबाईही त्यात होती. तिची एक चूक झाली. संशोधक योगिनी मॅडम समाजमंदिरात सूचना वाचून दाखवत होत्या तेव्हा बाकीच्या बायका डब्याचं झाकण घट्ट बसतं का ते बघत होत्या आणि कुसाबाई ऐकत होती. "आपण कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता, सहभाग नाकारू शकता," हे वाक्य तिने ऐकलं आणि चक्क खरं मानलं. असली वाक्यं वाचून दाखवण्यासाठी असतात, हे त्या बिचारीला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच चौदावा प्रश्न आला. "घरात असं काही घडलंय का, जे तुम्ही आजवर कुणालाच सांगितलं नाही?"

घडलं होतं. कुसाबाईची मुलगी भाग्यश्री गेल्या वर्षी आखाजीच्या सणाला माहेरी आली ती परत गेलीच नाही. पुढे फारकत झाली. का झाली, ते फक्त माय-लेकींना ठाऊक. गावाने काही दिवस खोदून खोदून विचारलं आणि मग नाद सोडला. आता वणीच्या एका चांगल्या घरातून स्थळ आलं होतं आणि दसरा झाला की मंडळी बघायला येणार होती. कुसाबाईचा सगळा जीव त्यातच अडकला होता.

"कुनालाच नाय सांगितलं, ते तुला कसं सांगू, ताई?" ती म्हणाली. "मी निघते. तूच म्हनली ना, कारन न देता."

हे वाक्य कुणी वापरेल असं योगिनी मॅडमच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी ताबडतोब मार्गदर्शक ललित सरांना फोन लावला.

"कारण काय दिलं?" सरांनी विचारलं.

"कारण न देताच नकार दिलाय, सर."

"ते ठीक आहे. पण न देण्याचं कारण?"

प्रकरण नीतिसमितीकडे गेलं. समितीने कुसाबाईला दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशिकला बोलावलं. झेंडूवाल्या बाईला त्या दिवशी बोलावू नये, हे त्या विद्वानांच्या गावीही नव्हतं.

"मावशी, घाबरू नका," अध्यक्ष म्हणाले. "तुमचा हक्क जपण्यासाठीच ही समिती आहे. नकार देण्यासाठी तुमच्यावर कुणी दबाव आणला का?"

"नाय."

"आत्ता कसला दबाव वाटतो का?"

"आत्ता वाटतोय, साहेब. उद्या दसरा हाय अन् माझी फुलं वावरात हायेत."

समितीतल्या वकिलांनी घसा खाकरला. संमती जशी संपूर्ण माहितीनिशी हवी, तसाच नकारही हवा, असा मुद्दा त्यांनी मांडला. "बाई नेमकं काय लपवताहेत हे आम्हाला कळल्याशिवाय ते लपवायची परवानगी आम्ही कशी देणार? इथलं सगळं गोपनीय राहील, मावशी." चहाचे कप उचलायला आलेल्या शिपायासकट सगळ्यांनी मान डोलावली.

कुसाबाई उठली आणि बस स्टॉपकडे निघाली.

सहभागी व्यक्ती गोंधळलेली असल्याने माहिती पर्यायी स्रोतांकडून घ्यावी, असा ठराव झाला. योगिनी मॅडम पुन्हा गावात आल्या आणि घरोघर विचारू लागल्या, "कुसाबाई काय लपवत असतील, असं तुम्हाला वाटतं?" नीतिनियमांत तसूभरही कसूर झाली नाही. प्रत्येक शेजारणीची लेखी संमती घेण्यात आली आणि प्रत्येकीला डबा देण्यात आला.

विसरलेल्या गावाला आयताच विषय मिळाला. कुणी पोरीत खोट काढली, कुणी जावयाला दुसरी बाई चिकटवली, तर कुणी आजाराचं नावसुद्धा सांगून टाकलं. आठवड्याच्या आत ते सगळं वणीला पोहोचलं. तिकडून फोन आला, "आमचा विचार नाही." कारण दिलं नाही. त्यांच्या नकाराची चौकशी मात्र कुठल्याही समितीला करावीशी वाटली नाही.

भाग्यश्रीने फोन ठेवला आणि ती फुलं तोडायला निघून गेली. कुसाबाईला स्वतःचाच संताप आला. त्या दिवशी गुमान डबा घेतला असता, काहीतरी खोटं ठोकून दिलं असतं, तर पोरीचं घर उभं राहिलं असतं. बाकीच्या बायकांनी तेच केलं होतं आणि त्यांची सगळी उत्तरं शास्त्रशुद्ध ठरली होती.

पुढे शोधनिबंध छापून आला. कुसाबाईचं नाव बदललेलं होतं. गाव, वय, झेंडू आणि परत आलेली मुलगी तेवढी जशीच्या तशी होती. पुण्याच्या परिषदेत त्याला पारितोषिकही मिळालं.

भाग्यश्री परत का आली, हे मात्र त्या निबंधातही नाही आणि इथेही नाही. कुसाबाईने ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही. वाचकहो, इथवर आलात, आता मनाला जी चुटपुट लागली आहे ती पोरीचं आलेलं स्थळ मोडल्याची, की ते कारण शेवटपर्यंत न कळल्याची? दुसरी असेल तर लाजू नका. समितीत एक जागा रिकामी आहे.